ससा, रातराणी आणि नावांचा घोळ

आजच्या भागात मागे मोटरचा आवाज येतोय, त्याबद्दल आधीच माफी. शेतीपंपाची लाईट आली की मोटर चालू होणार, तिथे पॉडकास्टवाल्याचं कोण ऐकतंय! जे हे वाचताहेत ते सुटले.

मी सध्या गावी आहे. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर, उजनीच्या बॅकवॉटरला अगदी लागून. एरवी आपण इथे किल्ले, बखरी, जुनी पत्रं असलं काही बोलतो. आजचा इतिहास सशाच्या ताटातला आहे. मला तो उशिरा कळला आणि त्याची किंमत मी मोजली नाही, सशाने मोजली.

झालं असं. २०२३ च्या दिवाळीत दादाने माझ्या पुतणीसाठी दोन ससे आणले. पांढरा तो कापूस, करडा तो मुरमुरा. पुतणी चौथीत. तिचा पहिला प्रश्न, "काका, हे काय खातात?" आता घरातला इंजिनिअर म्हणजे मी. बीटेक, पुण्यात नोकरी, महिन्यातले पंधरा दिवस गावाकडून काम. मी रीतसर स्प्रेडशीट बनवली. इंटरनेटवरच्या तीन इंग्रजी याद्या काढल्या, एकत्र केल्या, डुप्लिकेट उडवले. सशाला चालणाऱ्या बागेतल्या वनस्पती आणि फुलं: बेसिल, मिंट, डिल, सिलँट्रो, रोझ, हिबिस्कस, जॅस्मिन, मेरीगोल्ड. हिरवा रंग म्हणजे चालेल, लाल म्हणजे नाही. मग मोबाईलवरचं झाडं ओळखणारं ॲप घेऊन अंगणातल्या प्रत्येक झाडाचा फोटो काढला. कोपऱ्यातल्या एका झुडपाला ॲपने नाव दिलं, नाइट जॅस्मिन. जॅस्मिन यादीत हिरवं होतं. पुतणीने संध्याकाळी त्याच्या दोन कोवळ्या फांद्या पिंजऱ्यात टाकल्या.

मुरमुऱ्याने वास घेऊन तोंड फिरवलं. कापसाने खाल्लं.

सकाळी कापूस कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. दात कराकरा वाजवत होता. रात्रभरात एकही लेंडी नाही. जनावरांचे डॉक्टर आले. गाई-म्हशींचे डॉक्टर, पण माणूस प्रामाणिक. म्हणाले, सशाचं मी फार बघितलेलं नाही, पण पोट थांबलंय हे नक्की. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, सिरिंजने पातळ भरवायला सांगितलं. कुरतडलेल्या फांद्या हातात घेऊन विचारलं, "हे कुणी दिलं?" तिसऱ्या दिवशी पहाटे कापूस गेला.

त्या डॉक्टरांनी आणि आजीने, दोघांनीही त्या झुडपाला एकच नाव घेतलं. रातराणी.

आमच्या धंद्यातल्या मित्रांना एका वाक्यात सांगतो. व्हीलूकअप बरोबर लागला होता, की चुकीची होती.

आता हा घोळ नीट उलगडू, कारण तो एकट्या माझा नाही. जॅस्मिन हे नाव फारसी यास्मीनवरून आलं. खरी जॅस्मिन म्हणजे आपली जाई, जुई, मोगरा. ती सशाला चालते. रातराणीचा जाईशी काडीचा संबंध नाही. ती वांगं, टोमॅटो, तंबाखू आणि धोतऱ्याच्या कुळातली, मूळची वेस्ट इंडिज आणि मध्य अमेरिकेची. पानांत, फळांत विषारी द्रव्यं. रात्री सुवास येतो एवढ्यावर इंग्रजीत तिला जॅस्मिन म्हणून टाकलं. गंमत म्हणजे आपल्या पारिजातकालाही इंग्रजीत नाइट जॅस्मिनच म्हणतात. तो निदान जाईच्या कुळातला आहे. म्हणजे एका नावाखाली दोन झाडं, एक इथलंच, एक समुद्रापलीकडचं आणि विषारी. यादी लिहिणारा तिसऱ्याच झाडाबद्दल बोलत होता.

मेरीगोल्डचंही तेच. युरोपातल्या जुन्या बागेतलं मेरीगोल्ड म्हणजे कॅलेंड्युला, आणि सशांच्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा तेच अभिप्रेत असतं. आपला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिका पालथी घातल्यानंतर तो जगभर फिरला आणि इकडे येऊन दसऱ्याच्या तोरणात असा बसला की तो परका आहे हे सांगितलं तर वहिनी मला वेड्यात काढतात. झेंडूच्या दोन पाकळ्या सशाने खाल्ल्या तर आभाळ कोसळणार नाही (सशाची ती जुनी गोष्ट आठवा). पण कॅलेंड्युलासाठी लिहिलेली शिफारस झेंडूवर चिकटवणं बरोबर नाही.

याद्या खोट्या नसतात. त्या दुसऱ्याच्या अंगणात बसून लिहिलेल्या असतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या परसात काय उगवतं ते त्यात आहे, करमाळ्यात काय उगवतं ते नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे उंट लंडनमध्ये आणि शेळी जेऊर स्टेशनच्या अलीकडे.

बरं, ज्याच्यासाठी ही यादी, तो ससा तरी आपला आहे का? ऊसतोडीच्या वेळी फडातून उधळत पळतो तो आपला ससा. संस्कृतातला शश, चंद्रावर दिसतो तो, पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो तो. तो बीळ खणत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पकडता येत नाही, पाळताही येत नाही. पिंजऱ्यातला पांढरा ससा ही वेगळीच जात. त्याची पिल्लं उघडीनागडी, आंधळी, बिळात जन्मणारी. दोघांचा संकरही होत नाही. इंग्रजीत एक हेअर, एक रॅबिट. मराठीत दोघंही ससा.

पिंजऱ्यातल्या सशाचं मूळ घर स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सचा दक्षिण भाग. एक प्रसिद्ध व्युत्पत्ती अशी सांगते की फिनिशियन व्यापारी तिथे उतरले, हे प्राणी बघितले आणि आपल्याकडच्या शाफान नावाच्या प्राण्यासारखे दिसले म्हणून त्या किनाऱ्याला शाफानांचा देश म्हणू लागले. त्याचंच पुढे हिस्पानिया, म्हणजे स्पेन. शाफान वेगळा, ससा वेगळा. व्युत्पत्ती खरी धरली तर एका अख्ख्या देशाचं नाव चुकीच्या ओळखपरेडीतून आलं.

हा ससा पाळीव कसा झाला याची एक गोष्ट तुम्ही व्हिडिओंमध्ये ऐकली असेल. इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने फर्मान काढलं की सशाची नवजात पिल्लं हे मांस नाही, उपवासाला चालतात. म्हणून फ्रान्सच्या मठांत साधू ससे पाळायला लागले. मीही ही गोष्ट दोन वेळा रंगवून सांगितली आहे, एकदा ऑफिसमध्ये आणि एकदा इथेच. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिचा माग काढला. असं फर्मान निघालंच नव्हतं. तूरचा ग्रेगरी नावाच्या दुसऱ्याच एका बिशपने, एक आजारी माणूस उपवासाच्या दिवसांत सशाची पिल्लं खात होता, एवढंच लिहून ठेवलं होतं. पुढे कुणीतरी या ग्रेगरीचा तो ग्रेगरी केला आणि बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट. रातराणीची जॅस्मिन होते तशीच.

आता आजीचं ऐका. आजी साधारण पंच्याहत्तरीची. कापूस गेला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आरं, मला इचारायचं की. शेरडं त्याला तोंड लावत न्हाईत." मला राग आला. स्वतःचाच. तीन वेबसाइट उघडल्या, पण ओसरीवरची आजी उघडली नाही.

तरी इथेही एक गाठ आहे, आणि ती आजीलाही सांगावी लागली. शेळीवरून सशाचं अनुमान दरवेळी चालत नाही. शेळी रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जिवाणूंची मोठी फौज असते, आणि पाल्यातली काही विषं रक्तात जायच्या आधीच तिथे मोडली जातात. सशाची फौज उलट्या टोकाला, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत. खाल्लेलं आधी जठरातून, लहान आतड्यातून जातं, मग तिथे पोचतं. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. गेलं ते गेलं. पोट सतत चालतं राहावं लागतं. ते काही तास थांबलं तरी जीव धोक्यात.

सुबाभूळ हे याचं उत्तम उदाहरण, आणि त्यात आपला पुणे-सोलापूर पट्टा येतो. हे झाडही मेक्सिकोकडचं. १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफने, मणिभाई देसाईंच्या त्या संस्थेने, चारा आणि सरपणासाठी सुबाभळीचा जोरदार प्रसार केला. आज आमच्या बांधाबांधावर ती आहे आणि शेळ्या तिच्यावर पोसल्या जातात. पण तिच्या पानांत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर सोडलेली गुरं आजारी पडत होती, हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तेच खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाने याचा छडा लावला: हवाईच्या शेळ्यांच्या पोटात त्या विषाचा निकाल लावणारे जिवाणू होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि प्रश्न सुटला. सशाला ही सोय नाही. भरपूर सुबाभूळ खाल्ली तर त्याचे केस गळतात, वाढ खुंटते.

उलटीकडून धोतरा घ्या. काही सशांच्या शरीरात अ‍ॅट्रोपिन मोडणारं एंझाइम असतं. धोतऱ्याच्या जातीचं विष, ज्याने माणूस भ्रमिष्ट होतो, ते हे ससे पचवतात. काही ससे, सगळे नाही, आणि आपला ससा त्यातला आहे का हे बाहेरून बघून सांगता येत नाही. त्यामुळे घरी प्रयोग नको.

ज्वारीचं आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी जनावराने खाल्ली की किरळ लागते, म्हणजे त्या कोवळ्या पानांतून सायनाइडचं विष तयार होतं आणि गाय उभ्या जागी कोसळते. वाळलेला कडबा मात्र पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. झाड एकच, वय वेगळं. यादीत हा कॉलम नसतो.

थोडं गवतावर बोलू, कारण सशाच्या पोटात सगळ्यात जास्त तेच जायला हवं. साधारण ऐंशी टक्के चारा, बाकी हिरवा पाला चवीपुरता. फुलं म्हणजे आपली बडीशेप, जेवणानंतरची. आणि गाजर? गाजर म्हणजे मिठाई. ससा गाजरावर जगतो ही समजूत आपल्या डोक्यात घातली बग्ज बनीने, १९४० पासून. आणि तो गाजर चावत बोलतो ती लकब १९३४ च्या एका सिनेमातल्या क्लार्क गेबलच्या प्रसंगावरून आली असं सांगतात. सशाला गाजराचा पाला द्या, वर गाजराची एखादी चकती. मात्र गाजरगवत चुकूनही नाही! पुन्हा नावच फसवतं. पानं गाजरासारखी दिसतात म्हणून गाजरगवत, काँग्रेस गवत म्हणतात तेच. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची पहिली ठळक नोंद झाली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. आज उजनीच्या काठाने चालत जा, पाय ठेवाल तिथे आहे.

तर गवत. मी काय केलं? ऑनलाइन टिमथी हे मागवलं. प्लॅस्टिकच्या सुंदर पाकिटात सुकं गवत. हे टिमथी म्हणजे टिमथी हॅन्सन, अठराव्या शतकातला अमेरिकेतला शेतकरी, ज्याने या गवताचा प्रसार केला. गवत मूळचं युरोपचं, नाव अमेरिकेतल्या माणसाचं, पाकीट पुण्यातून, खाणारा करमाळ्यात. दादाने पाकिटाची किंमत वाचली आणि काही बोलला नाही. दादा काही बोलला नाही की समजायचं.

आणि बांधावर काय होतं? हरळी. शेतकऱ्याची जन्माची वैरीण, कितीही खुरपा, परत येते. इंग्रजीत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. बर्म्युडा बेटाची ती मुळीच नाही, जुन्या जगातली आहे, आपल्याकडे तर वेदकाळापासून आहे. तिचं दुसरं नाव दुर्वा. अमेरिकेत लोक सशांसाठी बर्म्युडा हे विकत घेतात, आणि मी ती बांधावरून उपटून फेकत होतो.

हरळी सशाला उत्तम. सावलीत वाळवायची, बुरशी येऊ द्यायची नाही. मारवेलही चालतं. लसूणघास आमच्याकडे गाईंसाठी भरपूर असतो, पण त्यात कॅल्शियम जास्त. वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला चिमूटभर, नाहीतर लघवीचा त्रास होतो.

गवत कुठून कापता हेही बघा. ऊसपट्ट्यात बांधाच्या पलीकडे कुणीतरी तणनाशक मारलेलं असतं. वाऱ्याने उडून आलेलं ते दिसत नाही, वासही लगेच जातो. मी आता शेजारच्यांना विचारल्याशिवाय विळा काढत नाही.

कापसानंतर पुतणी म्हणाली, मुरमुऱ्यासाठी वेगळी बाग करू, तिथे त्याला चालतं तेवढंच लावायचं. ही माझ्या स्प्रेडशीटपेक्षा शहाणी कल्पना. झाडं ओळखत बसण्यापेक्षा ओळखीचीच लावायची. जुना निळा बॅरल उभा चिरून दोन कुंड्या केल्या, काळी माती, कुजलेलं शेणखत, वरून उसाच्या पाचटाचं आच्छादन.

एकात कोथिंबीर. धणे हाताने रगडून दोन फाका करून टाकले. थंडीत ती मस्त येते, मार्चनंतर उन्हाने फुलावर धावते, तेव्हा सावलीला सरकवायची. (धण्यांचा प्रवास स्वतंत्र भागाचा विषय आहे, इजिप्तमध्ये तुतनखामुनच्या थडग्यातही धणे सापडले होते.) दुसऱ्यात पुदिना, बाजारातल्या जुडीच्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटलेला. पुदिन्याला कुंडीच पाहिजे, जमिनीत लावला की तो सातबाऱ्यावर नाव लावल्यासारखा पसरतो. शेपू लावला, घरात कुणाला आवडत नाही, मुरमुऱ्याला आवडतो. अखेर या घरात शेपूला वाली मिळाला. याद्यांमधलं बेसिल म्हणजे सब्जाच्या जातीची तुळस, तीही एका डब्यात आहे. वृंदावनातली तुळस आजीने काढू दिली नाही. तो वाद मी घालत नाही.

नर्सरीत पानओवा मिळतो, जाड लवदार पानांचा, भजी करतात तो. इंग्रजीत त्याला क्यूबन ओरेगॅनो म्हणतात आणि मुलं यादीतला ओरेगॅनो समजून आणतात. ओरेगॅनो वेगळा, पानओवा वेगळा. कुत्र्या-मांजरांसाठी पानओवा विषारी वनस्पतींत धरतात. आमच्या बॅरलमध्ये त्याला जागा नाही.

फुलांत जास्वंद, गावठी गुलाब आणि गोकर्ण. जास्वंदीची काडी पावसाळ्यात खोचली की लागते. तिची पानं आणि फुलं दोन्ही मुरमुरा खातो. गुलाब घरचाच हवा. बाजारातल्या फुलांवर कोणती औषधं मारली आहेत ते देवालाच माहीत, आणि देवही बिचारा तेच वाहून घेतो. गोकर्णाच्या बिया रात्रभर भिजवून लावायच्या. फुलं, पानं अधूनमधून देता येतात. बिया आणि मुळं नाही, ती रेचक. शेवग्याचा पाला थोडा. हे सगळं मिळून दिवसाला पुतणीच्या मुठीएवढं. नवीन पाला आधी एकच पान, मग दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या. मुलीला हे काम अजिबात घाण वाटत नाही, वहीत तारखेनुसार लिहिते.

वहिनींच्या लक्षात आलं की मुरमुऱ्याचं ताट आणि गणपतीचं ताट जवळपास सारखंच: दुर्वा आणि जास्वंद. पण इथेच पाय घसरतो. गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्रींमध्ये धोतरा आहे, रुई आहे, कण्हेर आहे. पूजा झाल्यावर ती पत्री सशाला घालायचं पुण्य कुणी घेऊ नका. कण्हेरीचं तर एक पानही नको, थेट हृदयावर घाव. महामार्गांच्या दुभाजकांत ती लावतात ती याचसाठी की पाणी कमी लागतं आणि मोकाट जनावरं तिला तोंड लावत नाहीत. पिवळी बिट्टी, घाणेरी, तीही वर्ज्य. धरणाच्या काठाला जांभळट फुलांचं बेशरम माजलंय ते अमेरिकेतून आलेलं, त्याची सवय लागलेल्या शेळ्या झोकांड्या खातात. पाण्यात जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, जाळ्यात चिलापी आफ्रिकेची. आमचा अख्खा बॅकवॉटर बाहेरगावच्यांनी भरला आहे.

मग कुणाला कशाने ओळखायचं? हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर काम केलेला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. थिओडोर कुक. आयरिश, रेल्वेत काम केलेला इंजिनिअर. १८६५ मध्ये पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रमुख झाला, म्हणजे आजचं सीओईपी. इंजिनिअरिंग शिकवता शिकवता झाडांच्या नादाला लागला. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये क्यूच्या वनस्पती उद्यानात बसून त्याने 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिलं, १९०१ ते १९०८. त्यात लॅटिन नावाच्या जोडीला स्थानिक नावं दिली आहेत, मराठीसुद्धा. त्याच्याही आधी, १६७८ ते १६९३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडेने करवून घेतलेला, पण झाडांची माहिती इट्टी अच्युतन या वैद्याची आणि रंग भट, विनायक पंडित, आप्पू भट या तिघा कोंकणी ब्राह्मणांची. त्या तिघांचं १६७५ सालचं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरीत छापलेलं आहे. आम्ही सांगितलं ते खरं आहे, असं. झाड ओळखणाऱ्याचं नाव आणि सही, दोन्ही. माझ्या तीन वेबसाइटांवर ना नाव होतं ना सही.

माझी स्प्रेडशीट आता बदलली आहे. पहिला कॉलम लॅटिन नाव, दुसरा आजी काय म्हणते, तिसरा घरात कुणी ओळखलं. इंग्रजी नावाचा कॉलम उडवला.

नावांचं वेड लागल्यावर गावाचंही नाव टोचायला लागलं. आमच्या तालुक्यात केत्तूर एक आणि केत्तूर दोन आहे, चिखलठाण एक आणि दोन, वांगी तर एक, दोन, तीन करत पुढे जाते. बाहेरचे मित्र विचारतात, हे काय व्हर्जन नंबर आहेत का? एका अर्थी हो. उजनीचं काम १९६९ ला सुरू झालं, १९८० ला पूर्ण झालं. भीमेकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली, माणसं माळावर येऊन बसली. आजी तेव्हा तिशीची. ती जुन्या घरामागच्या परड्याबद्दल बोलते तेव्हा तिच्या तोंडी जी नावं येतात त्यातली निम्मी मला कळत नाहीत. नदीच्या मळईत, पूर ओसरला की जो भाजीपाला नुसतं बी फेकून यायचा, त्यातल्या पाल्यांची नावं. माळावर ते पाले आलेच नाहीत, त्यामुळे नावंही आईपर्यंत पोचली नाहीत. रातराणी मात्र इथली, नव्या घराची. माळावर सावली नव्हती, वासही नव्हता, म्हणून आजीनेच कुठूनतरी फांदी आणून लावलेली. ती उपटायची का, यावर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. शेवटी तिच्याभोवती जाळी मारली.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी जवळपास उणे साठ टक्क्यांवर गेली. बाहेरच्यांना हे उणे कळत नाही. धरणाचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी, उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा. पाणी त्या खाली गेलं की टक्केवारी उणे. पळसदेवचं देऊळ उघडं पडलं, बातम्या आल्या. आमच्याकडे गाळपेर जमीन, पाणी हटलं की पेरतात ती, मैलभर आत गेली. एका संध्याकाळी आजी म्हणाली, चल. मी, पुतणी आणि आजी, दादाच्या गाडीवरून जिथवर जाता येईल तिथवर आणि पुढे पायी. मुरमुरा घरी, ओल्या पोत्याखाली, कारण पारा बेचाळिसला होता आणि सशाला एवढं ऊन सोसत नाही.

भिंती नव्हत्या. चौथऱ्याचे दगड, एक जातं, शिंपल्या. आजीने काठीने दाखवलं, इथं चूल, इथं गोठा, आणि इथं मागं परडं. "हितं जाई व्हती," म्हणाली. "खरी जाई." हे शेवटचे दोन शब्द माझ्याकडे बघून.

पुतणी त्या जागेवर उकिडवी बसली. गाळाच्या भेगांतून बारीक हिरवं काहीतरी वर आलं होतं, गाठीगाठीने पसरणारं. तिने एक काडी तोडून आजीपुढे धरली.

"पणजी, हे काय?"

"हराळी गं. अजून काय."

तिने वहीत लिहिलं, माझ्याकडून लॅटिन नाव घेतलं, सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि तिसऱ्या कॉलममध्ये पणजी असं लिहिलं. मग माझ्या लॅपटॉपची बॅग रिकामी करून आम्ही ती भरून घेतली.

मोटर थांबली बघा, लाईट गेली. भेटू पुढच्या भागात.